विश्लेषण : रोमला जाऊनही वरण-भातच? इटलीच्या सहलीत मराठी पर्यटकाच्या हातून काय निसटते?

उन्हाळी सुट्टीतील युरोप सहलींची नोंदणी सुरू झाली की दादर-माहीम परिसरातील पर्यटन कंपन्यांच्या कार्यालयांत व्हिसा आणि थंडीच्या आधी एक प्रश्न विचारला जातो : ‘जेवण आपले मिळेल ना?’ उत्तर बहुधा ‘हो’ असते. त्यामुळे दिवसभर कलोसियम पाहून झाल्यावर रात्री डाळ, पनीर आणि जिरा राइस समोर येतो. ज्येष्ठांच्या गोळ्यांचे वेळापत्रकही बिघडत नाही. मात्र इटलीच्या घरगुती स्वयंपाकालाच युनेस्कोने आता सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आहे. मग आठ-दहा दिवसांच्या सहलीत त्यातले काहीच न चाखता परतणारा पर्यटक इटली पाहतो का? आणि पथ्य, शाकाहार, बजेट सांभाळून ती चाखता येते का?

युनेस्कोने नेमका कशाचा गौरव केला?

युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारसा समितीची बैठक डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात झाली. तिथे १० डिसेंबरला इटालियन स्वयंपाकाचा जागतिक यादीत समावेश झाला. त्याच दिवशी याच यादीत आपल्या दीपावलीचीही नोंद झाली. 

नेपल्समधील पिझ्झा बनवणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्येच मान्यता मिळाली होती. या वेळचा गौरव एखाद्या पदार्थाचा नाही. हंगामात मिळेल ते आणणे, अन्न वाया न घालवणे, आजीकडून नातवंडांकडे जाणारी कृती आणि घरच्यांनी एकत्र बसून निवांत जेवणे या सवयींचा तो आहे. 

दिवाळीचेही तसेच आहे. एखादा परदेशी पाहुणा दिवाळीत गिरगावात आला, कंदील आणि रांगोळ्यांचे फोटो काढले आणि फराळाच्या ताटाला हात न लावता हॉटेलवर जाऊन पाव आणि सूप घेऊन झोपला, तर त्याने दिवाळी पाहिली असे म्हणता येईल; पण पुरती पाहिली असे कोणी म्हणणार नाही.

‘इटालियन जेवण’ असे एकच काही असते का?

नसते. आजचे इटली हे राष्ट्र १८६१ मध्ये आकाराला आले. त्याआधी तिथे वेगवेगळी राज्ये होती आणि प्रत्येकाचे ताट वेगळे होते. आजही २० प्रांतांच्या २० तऱ्हा आहेत. उत्तरेकडे लोणी, तांदूळ आणि मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पॉलेंटा. दक्षिणेकडे ऑलिव्ह तेल, टोमॅटो आणि सुका पास्ता. कोकणातले खोबरे, खान्देशातले भरीत आणि कोल्हापूरचा रस्सा यांना एकाच ‘मराठी जेवणा’त बसवताना जी अडचण येते, तीच इथेही येते.

ही विखुरलेली चव एका पुस्तकात आणण्याचे श्रेय पेलेग्रिनो आर्तुसी यांना दिले जाते. त्यांचे पाककृतींचे पुस्तक १८९१ मध्ये आले तेव्हा त्यात ४७५ कृती होत्या. वाचकांनी, विशेषतः गृहिणींनी, पत्रांतून कळवलेल्या कृतींची भर पडत तो आकडा ७९० वर गेला. मराठी घरांत १९७० पासून कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ला जे स्थान मिळाले, तसेच इटालियन घरांत या पुस्तकाला आहे.

सहलीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. व्हेनिस, फ्लोरेन्स आणि रोम ही फक्त तीन वेगळी शहरे नाहीत, तर तीन वेगळी स्वयंपाकघरे आहेत. तिन्ही ठिकाणी ‘पिझ्झा किंवा पास्ता’ एवढीच निवड समोर ठेवली जात असेल, तर ते जेवण पर्यटकांसाठी केलेले असते.

मराठी माणसाने इटली कशी पाहिली?

दोन वाटांनी. पहिली वाट ग्रुप टूरची. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्सची स्थापना केली. त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड सुरू केली. या आणि अशा इतर कंपन्यांमुळे युरोप मध्यमवर्गीय मराठी घरांच्या आवाक्यात आला. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, ओळखीची माणसे आणि ओळखीचे जेवण यांच्या भरवशावर इंग्रजीची धास्ती असलेल्या आजी-आजोबांनीही पिसाच्या मनोऱ्यासमोर फोटो काढले. फक्त महिलांच्या ‘माय फेअर लेडी’सारख्या सहलींनी नवऱ्याशिवाय, मुलांशिवाय घराबाहेर पडण्याचे धाडस अनेकींना दिले.

दुसरी वाट पुस्तकाची. लंडनस्थित डॉक्टर आणि लेखिका मीना प्रभू यांनी ‘रोमराज्य’मधून इटली मराठी वाचकापर्यंत आणली. त्या एकट्याने, सवडीने फिरत आणि लोकांशी बोलत. टूर कंपनीचे गिऱ्हाईक नसलेल्या असंख्य घरांत इटली अशा पुस्तकांतून पोहोचली. केसरी पाटील आणि मीना प्रभू या दोघांचेही निधन २०२५ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने झाले.

पहिल्या वाटेने माणसे तिथे पोहोचली, दुसऱ्या वाटेने तिथली माणसे कळली. आज पर्यटकाला या दोन्हींची सांगड घालता येते का, हा खरा प्रश्न आहे.

परदेशात भारतीय जेवणाचा आग्रह चुकीचा आहे का?

अजिबात नाही. ‘इटलीत जाऊन वरण-भात कसला खाता’ अशी टिंगल समाजमाध्यमांवर नेहमी होते. पण त्यामागची कारणे खरी असतात. ग्रुपमधील अनेकांचा हा आयुष्यातला पहिला आणि कदाचित शेवटचा युरोप प्रवास असतो. निवृत्तीच्या पैशांतून किंवा मुलांनी जमवलेल्या बचतीतून तो झालेला असतो. मधुमेह, रक्तदाब असतो. कुणाची चतुर्थी असते, कुणी कांदा-लसूण खात नाही. 

पैशांचा हिशेबही आहे. युरोने २०२५ मध्ये १०० रुपयांचा टप्पा ओलांडला. साध्या हॉटेलात २० युरोंचे जेवण म्हणजे माणशी दोन हजार रुपये. शिवाय ४० जणांना तासाभरात जेवू घालणे इटलीतल्या छोट्या खाणावळीला जमत नाही. ठरलेल्या भारतीय उपाहारगृहाला जमते. त्यामुळे सगळी जेवणे भारतीय असणे ही पर्यटकाची आणि कंपनीची दोघांची सोय आहे. अडचण एवढीच की, सगळीच जेवणे तशी झाली तर इटालियन माणसाशी संबंध येतो तो फक्त तिकीट खिडकीवर.

गिरणगावच्या खाणावळीशी काय नाते?

इटलीतील लहान, घरगुती उपाहारगृहाला ‘त्रात्तोरिया’ म्हणतात. एखादे कुटुंब ते चालवते, पदार्थ मोजके असतात आणि त्या दिवशी काय शिजले आहे ते बहुतेकदा फळ्यावर लिहिलेले असते. परळ-लालबागच्या जुन्या रहिवाशांना ही कल्पना नवी नाही. गावाकडून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना चाळीतल्या बायका महिन्याच्या बोलीवर जेवण देत. बाजारात जे स्वस्त आणि ताजे ते त्या दिवशी ताटात. या खाणावळवाल्या महिलांना कर्ज आणि आधार मिळावा म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

इटलीतही अनेक गाजलेल्या पदार्थांचे मूळ अशाच काटकसरीत आहे. तिथे त्याला ‘कुचिना पोवेरा’, म्हणजे गरिबांचे जेवण म्हणतात. फ्लोरेन्सची ‘रिबोल्लिता’ म्हणजे आदल्या दिवशीचे भाजी-शेंगदाण्यांचे नव्हे, तर भाजी आणि घेवड्याच्या दाण्यांचे सूप शिळ्या पावासह पुन्हा उकळून केलेला पदार्थ. ‘पापा अल पोमोदोरो’ म्हणजे टोमॅटोत मऊ शिजवलेला शिळा पाव. फोडणीची पोळी किंवा ताकात कुस्करलेली भाकरी खाल्लेल्याला यामागचा विचार समजावून सांगावा लागत नाही.

धान्यातही ओळखीच्या खुणा सापडतात. सुका पास्ता ज्या कडक गव्हाच्या रव्यापासून होतो, त्याच जातीचा गहू आपल्याकडे ‘बन्सी’ नावाने शेवया-रव्यासाठी वापरला जातो. सांगली-साताऱ्याकडचा खपली गहू म्हणजेच तिथला ‘फारो’. टस्कनीत तो सुपात घालतात. लसूण आणि सुकी मिरची तेलात परतून त्यात स्पॅगेटी घोळवली की ‘आल्यो, ओल्यो ए पेपेरोंचिनो’ तयार. आपल्या भाषेत सांगायचे तर लसूण-मिरचीची फोडणी.

शाकाहारींनी काय खावे, काय विचारावे?

इटली शाकाहारींसाठी युरोपातल्या सोप्या देशांपैकी एक आहे. वर सांगितलेल्या पदार्थांखेरीज पुढील पर्याय सहज मिळतात :

- पिझ्झा मारिनारा : नावात समुद्र असला तरी यात मासे नसतात आणि चीजही नसते. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच.
- पेन्ने आराब्याता : टोमॅटो आणि सुक्या मिरचीचा तिखट पास्ता. लालबागच्या मसाल्याची सवय असलेल्यांना तो फार तिखट वाटणार नाही, पण सपकही लागणार नाही.
- चेचिना : पिसा परिसरात मिळणारे बेसनाचे, भट्टीत भाजलेले जाड धिरडे. हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ. जिनोव्हाकडे यालाच फारिनाता म्हणतात.
- पास्ता ए चेची : छोले घालून केलेला रसदार पास्ता. यात कधी कधी मांसाचा तुकडा किंवा खारवलेला मासा असतो, म्हणून विचारून घ्यावे.

मात्र काही गोष्टी भारतात बसून लक्षात येत नाहीत. पहिली चीजची. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही पारंपरिक चीज बनवताना दूध विरजण्यासाठी वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील रेनेट वापरले जाते. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो; इटलीत तशी सक्ती नाही. कट्टर शाकाहारींनी ‘सेंझा फोर्माज्जो’, म्हणजे चीज नको, असे सांगणे उत्तम. पेस्तो सॉसमध्येही बहुधा हे चीज असते.

दुसरी, लपलेला मांसाहार. रिसोटो बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजतो. ‘ब्रोदो दी कार्ने’ हे शब्द त्यासाठी आहेत. ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी. काही पोळीसारख्या पावांत ती असते. ‘अलीची’ किंवा ‘आच्चुगे’ म्हणजे छोटे खारवलेले मासे. भाजीच्या वाटणाऱ्या पदार्थातही ते सापडतात. ताज्या पास्त्यात अंडे असू शकते, सुक्यात बहुधा नसते.

तिसरी, फसवे शब्द. ‘पेपेरोनी’ म्हणजे तिथे सिमला मिरची, सॉसेज नव्हे. ‘लात्ते’ मागितले तर कॉफी नाही, नुसते दूध मिळेल. 

पाठ करावे असे एक वाक्य : ‘सोनो वेजेतारियानो’, महिलांनी ‘वेजेतारियाना’ म्हणावे. पुढे ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी ‘सेंझा आल्यो, सेंझा चिपोल्ला’. हे कागदावर रोमन लिपीत लिहून नेले तर आणखी चांगले.

मासे खाणाऱ्यांसाठी काय?

त्यांच्यासाठी व्हेनिस आहे. ‘सार्दे इन साओर’ म्हणजे तळलेली तारली, वर कांदा आणि व्हिनेगर. खलाशांना दिवसचे दिवस टिकेल अशी शिदोरी म्हणून हा पदार्थ रूढ झाला. सुका मासा भिजवून, घोटून पावावर लावतात तो ‘बाकाला मान्तेकातो’. मालवणी घरांत सुक्या मासळीला जो मान आहे, तो तिथेही आहे. रियाल्तो पुलाजवळच्या छोट्या दुकानांत हे पदार्थ ‘चिकेत्ती’ म्हणून घासाघासाच्या आकारात मिळतात. उभ्यानेच खायचे, त्यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही आटोक्यात राहतो. जवळचा रियाल्तोचा मासळी बाजार सकाळीच पाहावा. रविवारी आणि सोमवारी तो बंद असतो.

टेबलावरच्या कोणत्या रीती माहीत हव्यात?

इटलीत दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचे साडेसातनंतर. मधल्या वेळेत बहुतेक चांगली स्वयंपाकघरे बंद असतात. दुपारी चारला जेवण देणारे हॉटेल बहुधा पर्यटकांसाठीच असते.

बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी साधारण एक ते तीन युरोंची रक्कम दिसली तर ती फसवणूक नव्हे. टेबल आणि पावाचा तो आकार आहे आणि तो मेनूकार्डावर लिहिलेला असतो. त्यानंतर वेगळी टिप देण्याची सक्ती नसते.

जेवण टप्प्याटप्प्याने येते : आधी पास्ता किंवा भात, मग मांस-मासे, सोबत भाजी, शेवटी गोड. सगळे घेण्याची गरज नाही. एकच पदार्थ मागवला तरी चालतो. पास्ता ‘अल देन्ते’ म्हणजे दाताखाली किंचित कडक लागेल असा असतो. तो कच्चा राहिलेला नसतो. दूध घातलेली कापुचिनो कॉफी सकाळची. जेवणानंतर मागितली तर देतील, पण तिथले कोणी पीत नाही. एस्प्रेसो काउंटरपाशी उभ्याने घेतली तर साधारण सव्वा ते दीड युरोत मिळते. तीच सेंट मार्क चौकात टेबलावर बसून, १७२० पासून सुरू असलेल्या ‘फ्लोरियान’सारख्या ठिकाणी घेतली तर कित्येक पट महाग पडते. 

पाण्याच्या बाटलीवर मात्र खर्च करण्याचे कारण नाही. रोममध्ये १८७४ पासून रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. त्यांची संख्या अडीच हजारांच्या आसपास आहे. आकारामुळे लोक त्यांना ‘नासोनी’, म्हणजे मोठी नाके म्हणतात. रिकामी बाटली सोबत असली की पुरे.

ग्रुपसोबत असताना हे जमते का?

जमते, पण आधी ठरवावे लागते. नोंदणीच्या वेळीच तीन प्रश्न विचारावेत. इटलीतील मुक्कामांत एखादी संध्याकाळ मोकळी आहे का? एक जेवण स्थानिक खाणावळीत होऊ शकते का? आणि मुक्काम शहरात आहे की शहराबाहेर? व्हेनिसच्या बहुतेक ग्रुपचा मुक्काम मुख्य भूमीवरील मेस्त्रेसारख्या ठिकाणी असतो, कारण बस शहरात जातच नाही. अशा वेळी संध्याकाळी परत व्हेनिसला येणे ज्येष्ठांना अवघड होते. म्हणून तिथे दुपारच्या चिकेत्ती सोयीच्या, तर रोम किंवा फ्लोरेन्समध्ये रात्रीचे जेवण.

इटलीतील शहरेही आता धावत्या पर्यटनाला आवर घालू लागली आहेत. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेणे सुरू केले. त्याच वर्षी तिथे पर्यटक गटांवर २५ जणांची मर्यादा आली आणि गाइडच्या लाउडस्पीकरवर बंदी घालण्यात आली. बसभर माणसांचा गट एकाच वेळी एका गल्लीतून नेणे त्यामुळे कठीण झाले आहे. लहान गट ही कंपन्यांसाठी अडचण असली, तरी छोट्या खाणावळीत शिरायला तीच सोयीची गोष्ट आहे.

मुंबईतच तयारी करता येते का?

येते, आणि तीही फुकट. फोर्टमधील मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर हे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये पूर्ण झाले. त्यांच्या कमानींवर व्हेनिसच्या गॉथिक शैलीची छाप आहे. जवळच्या जुन्या सचिवालयाचेही तेच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या रचनेमागे मध्ययुगीन इटलीतील नमुने असल्याचे युनेस्कोची नोंदच सांगते. या इमारती नीट पाहून गेलेल्याला व्हेनिसचा डोजेस पॅलेस परका वाटणार नाही.

गिरगावच्या वेशीवर रॉयल ऑपेरा हाउस आहे. पाचव्या जॉर्जच्या हस्ते १९११ मध्ये उद्घाटन झालेल्या या रंगमंचावर पुढे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले. १९९३ मध्ये बंद पडलेली ही वास्तू २०१६ मध्ये पुन्हा खुली झाली. ऑपेरा मुळात इटलीचा. तिथल्या ऑपेरा गायनपरंपरेलाही युनेस्कोने २०२३ मध्ये वारसा यादीत घेतले. गाण्यातून पुढे सरकणारे नाटक मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही, संगीत नाटकाने ते काम केव्हाच केले आहे.

मग सहलीत बदल किती करायचा?

फार नाही. इटलीत चार-पाच दिवसांचा मुक्काम असेल तर आठ-दहा जेवणे होतात. त्यातली दोन तिथल्या लोकांसोबत, तिथल्या वेळेला, तिथल्या रीतीने झाली तरी पुरेसे आहे. बाकीच्या जेवणांना वरण-भात असल्याने औषधे, उपवास आणि पोट यांची काळजी मिटते. आणि पोटाची काळजी मिटली की नव्या घासाची भीतीही कमी होते. आपले जेवण सोबत असणे ही तिथले जेवण टाळण्याची सबब न होता, ते बिनधास्त चाखण्याची सोय होऊ शकते.

सर्वात सोपी सुरुवात पिसात होते. तिथे बहुतेक ग्रुप तास-दीड तास थांबतात आणि कलत्या मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो काढून निघतात. त्यातली १५ मिनिटे काढून बाजूच्या गल्लीतील भट्टीत गरमागरम चेचिनाचा एक तुकडा मागावा. दोन-तीन युरोंचा खर्च. वर मिरपूड घालून तो हातात येतो आणि पहिल्या घासाला लक्षात येते की हे आपले धिरडेच आहे.